सासूबाईंचं काळं सागवानी फर्निचर पांढरं करायचंय, कुणी केलंय का?

वाफाळता_चहा:
मंडळी नमस्कार, जरा सल्ला हवाय. आमचा ठाण्यातला फ्लॅट पहिल्या मजल्यावर आहे, समोरची बिल्डिंग अगदी अंगावर, दुपारी बारालासुद्धा हॉलमध्ये ट्यूब लावावी लागते. त्यात सासूबाईंनी साताऱ्याचं घर आवरलं तेव्हा तिथलं फर्निचर आमच्याकडे आलं. आरशाचं मोठं कपाट, ड्रेसिंग टेबल आणि एक टीपॉय, सगळं सागवानी आहे म्हणतात पण रंग असा काळा-तपकिरी की खोलीत उजेड शिरला तरी तो तिथेच गडप होतो. शिवाय आमचं स्वतःचं एक चपलांचं कपाट आहे, तेही गडद वॉलनट सनमायकाचं.

इन्स्टावर सारखे व्हिडिओ येतात, बाई हसत हसत ब्रश फिरवते आणि काळं टेबल दुसऱ्या मिनिटाला ऑफव्हाइट. मलापण तसंच करायचंय. सोसायटीतल्या पेंटरला विचारलं तर तो म्हणाला मॅडम प्रायमर मारतो, दोन हात ऑइलपेंट, काम खल्लास. नवरा म्हणतो विकून टाक आणि हलकं काहीतरी घे. सासूबाई म्हणाल्या "सागवानाला कुणी रंग फासतं का गं?" आणि गप्प झाल्या, म्हणजे विषय संपलेला नाहीये हे तुम्हाला कळलंच असेल 😅

तर प्रश्न असे की घासून काढावंच लागतं का, कुठला रंग घ्यायचा, आणि पिवळं पडतं का नंतर? फोटो खाली टाकलेत.

---

रंधा:
फोटो बघितले. हात लावायच्या आधी एक गोष्ट करा, ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा आणि त्याच्या मागची बाजू बघा, किंवा कपाट भिंतीपासून ओढून पाठीमागच्या चौकटीचं लाकूड बघा. तिथे सुतार सहसा पॉलिश करत नाही. तिथलं लाकूड सोनेरी-पिवळसर तपकिरी दिसलं तर तुमचं फर्निचर काळं नाहीचे, काळं आहे ते वरचं पॉलिश. जुने पॉलिशवाले लाखेत रंगाची पूड घालून महोगनी नाहीतर रोझवुड शेड काढायचे, तीच फॅशन होती, वर इतक्या वर्षांचा धूर, तेलाचे हात आणि दर दिवाळीला मारलेला नवा हात. सागवान मुळात एवढं गडद नसतं हो.

पण मागची बाजूपण जांभळट तपकिरी असेल आणि त्यात काळ्या रेघा असतील तर ते शिसवी. ते आतपर्यंत तसंच असतं, कितीही खरवडा, उजळ होणार नाही. आणि शिसवीला रंग लावणार असाल तर आधी मला फोन करा, मी टेम्पो घेऊन येतो.

दुसरी टेस्ट पॉलिश कसलं आहे त्याची. कापसाचा बोळा डिनेचर्ड स्पिरिटमध्ये बुडवून कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात मिनिटभर दाबून धरा. चिकट झालं आणि बोळ्यावर तपकिरी उतरलं तर लाखेचं फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही नाही पण एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरने मऊ झालं तर लॅकर. दोन्हीला दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन), मग मेहनत जास्त. रिझल्ट इथे लिहा, पुढचं मग सांगतो.

---

पुणेरी_पाटी_२:
सासूबाईंना अनुमोदन. सागवानाला ऑइलपेंट म्हणजे गुन्हा आहे. पांढरंच हवं असेल तर प्लायचं कपाट करून घ्या आणि हे मला द्या.

---

टेकडीवरची:
@पुणेरी_पाटी_२ बोलणं सोपं आहे, अंधाऱ्या खोलीत राहून बघा. जुनं ते सोनं ठीक आहे पण रोज सकाळी उठून त्या काळ्या डोंगराकडे तीच बघणार आहे, आपण नाही. तिला पांढरं हवंय तर पांढरं करू दे की.

वाफाळता, रंग देणारच असशील तर पेंटरला एक विचार, "ब्लीडिंग झालं तर काय करणार?" त्याला प्रश्नच कळला नाही तर तो पेंटर बदल. आमच्या शेजाऱ्यांच्या सागवानी दाराला मस्त आयव्हरी रंग दिला होता, पंधरवड्यात गुलाबीसर-तपकिरी डाग वर यायला लागले, पेंटरने अजून एक हात मारला, डाग परत आले, अजून एक मारला, परत तेच. लाकडातला टॅनिन (रंग सोडणारं नैसर्गिक तुरट द्रव्य) आणि जुन्या पॉलिशमधला रंग ओल्या रंगात विरघळून वर येतो, त्यावर कितीही हात मारा, तो येतच राहणार.

---

वाफाळता_चहा:
बापरे एवढं असतं?? बरं टेस्ट केली. ड्रॉवरची मागची बाजू चक्क पिवळसर आहे, मधासारखी! आणि स्पिरिटने बोळा काळाकुट्ट झाला, बोटपण चिकटलं. म्हणजे लाखेचं ना? सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या, म्हणाल्या "अगं हे नवीन होतं तेव्हा असंच होतं, तुझ्या सासऱ्यांनी पॉलिशवाल्याला सांगून गडद करून घेतलं, साहेबाच्या बंगल्यात तसं होतं म्हणून."

ड्रेसिंग टेबलाचं मात्र वेगळंच निघालं. वरची फळी आणि पाय सागवान पण बाजू आणि ड्रॉवरची तोंडं प्लायवर पातळ लाकडाचा पापुद्रा चिकटवलेली आहेत, एका कोपऱ्यात तो उचललाय पण. आणि कपाटाच्या आतल्या फळ्यांना जुना हिरवा ऑइलपेंट आहे, तो पोपडे धरतोय, तो घासून काढू का?

---

रसायन_कट्टा:
थांबा थांबा, तो हिरवा रंग कोरडा घासू नका! मी पेंटच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. आपल्याकडे घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको हा नियम २०१६ चा, लागू झाला १ नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये, त्यातही हिरवा, पिवळा, नारिंगी अशा भडक शेड्समध्ये, शिसं चिक्कार असू शकतं. ती धूळ नाकातोंडात जायला नको, घरात लहान मूल असेल तर अजिबातच नको. मूल असेल तर त्याला तेवढे दिवस आजीकडे पाठवा, आजी तुमच्याकडेच असतील तर दोघांना मावशीकडे पाठवा.

करायचं असेल तर वॉटर पेपर घ्या, पाण्याने ओला करून घासा म्हणजे धूळ उडत नाही, तो चिखल फडक्याने पुसून फडकं टाकून द्या, गॅलरीत झाडू मारत बसू नका. आणि खरं सांगायचं तर आतल्या फळ्या आहेत, जे सुटलंय तेवढंच ओलं घासा आणि वरून नवीन रंगाने बंद करून टाका. हॉट एअर गन तर मुळीच लावू नका त्यावर.

फळ्यांसाठी पांढरा ऑइलपेंट मात्र नको. ऑइलपेंट म्हणजे अल्किड रंग, तो अंधारात पिवळा पडतो, बंद कपाटाच्या आत तर हमखास, बाहेर उजेडात कमी. तुम्ही विचारलंत ना पिवळं पडतं का, त्याचं उत्तर हे. पाण्यावरचं अ‍ॅक्रिलिक इनॅमल घ्या, ते पिवळं पडत नाही. त्याचा तोटा एवढाच की हाताला कोरडं लागलं म्हणून लगेच साड्यांचे गठ्ठे ठेवलेत तर चिकटतील. पूर्ण कडक व्हायला तीन-चार आठवडे घेतं, तोवर फळ्या उघड्या राहू द्या.

---

रंधा:
अपेक्षेप्रमाणेच निघालं. मग माझं मत स्पष्ट आहे, कपाटाला रंग लावू नका, पॉलिश उतरवा. तुम्हाला पांढरं हवंय असं तुम्ही म्हणताय पण तुमची तक्रार अंधाराची आहे, आणि मधाच्या रंगाचं सागवान मॅट फिनिशमध्ये खोलीत बराच उजेड परत देतं. लाखेचं पॉलिश उतरवायला सगळ्यात सोपं. स्पिरिटने भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं पसरून ठेवायचं, मऊ झालं की प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायचं, कोरीव कामात जुना टूथब्रश. खिडक्या उघड्या, आणि कृपया देवघरातला दिवा विझवून, स्पिरिट पेट घेतं हे लोक विसरतात. हातात ग्लोव्हज.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. एक, तारेचा काथ्या वापरायचा नाही, त्याचे बारीक कण लाकडात अडकतात आणि ओल लागली की टॅनिनशी लोखंडाची क्रिया होऊन काळे ठिपके पडतात, नायलॉनचा हिरवा स्क्रबर चालेल. दोन, पॉलिशवाला कॉस्टिक सोड्याचं पाणी घेऊन आला तर दारातच थांबवा. पॉलिश झटकन निघतं म्हणून त्यांना ते आवडतं, पण अल्कलीने सागवान काळवंडतं, म्हणजे ज्यासाठी सगळं चाललंय त्याच्याच उलट.

खिळ्यांभोवती किंवा कडीकोयंड्याखाली काळे डाग निघतीलच. त्यावर ऑक्झॅलिक अ‍ॅसिड, कोमट पाण्यात विरघळवून ब्रशने लावायचं, थोड्या वेळाने भरपूर पाण्याने पुसून काढायचं, लाकूड एकदम उजळतं. विषारी आहे, वाळल्यावर त्याची पूड राहिली तर ती घासून उडवू नका, आधी धुवा. मग पूर्ण सुकलं की १२०, मग १८०, मग २२० नंबरचा पॉलिश पेपर, रेषेच्या दिशेने.

आणि हो, ताजं घासलेलं सागवान आधी पट्टेदार, कुठे गडद कुठे फिकट दिसतं, त्याने घाबरून जाऊ नका, थोडे आठवडे उजेड लागला की सगळं एकसारखं सोनेरी होतं. वर तेल लावलंत तर परत पिवळसर गडद होईल, उजळ ठेवायचं तर पाण्यावरचं मॅट पीयू.

---

एडिसनकर:
न्यू जर्सीहून लिहितोय. इथे गराज सेलमधून काळी महोगनी टेबलं उचलून आणायची आणि पांढरी करायची हा बायकोचा आणि माझा वीकेंडचा उद्योग आहे, त्यामुळे ब्लीडिंगबद्दल थोडं. इथे सगळे लाखेवर बनवलेला पांढरा प्रायमर वापरतात, कारण टॅनिन आणि जुना डाय लाखेतून आरपार येत नाही. तुमच्याकडे तो डबा मिळाला नाही तर अडायचं कारण नाही, लाख तर आपल्याकडूनच सगळीकडे जाते, झारखंडात पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवर लाखेचा किडा पोसतात, तिथलीच. आम्ही तीच डॉलर मोजून घेतो.

एक लिटर स्पिरिटला साधारण पाव किलो चपडा (लाखेच्या पातळ पापड्या) घालून रात्रभर ठेवायचा, मध्ये हलवायचं, मग न हलवता ठेवून द्यायचं, खाली मेणाचा गढूळ थर बसतो. वरचं स्वच्छ निवळ तेवढं हळूच ओतून घ्यायचं. ते मेण महत्त्वाचं आहे, मेणासकट लावलं तर वरचा पाण्यावरचा रंग नीट धरत नाही. ह्याचे दोन पातळ हात, तासाभरात वाळतं, ३२० ने अगदी हलकं घासायचं आणि वर प्रायमर. लोखंडी डब्यात भरून ठेवू नका, काळं पडतं, काचेची बाटली घ्या.

अजून एक, बाजारात जे पेंट रिमूव्हर मिळतं त्यात बऱ्याचदा मिथिलीन क्लोराइड असतं. इथे २०१९ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांना ते विकायला बंदी आली कारण बंद बाथरूममध्ये वापरून माणसं गेली आहेत. लाखेला स्पिरिट पुरतं, उगाच ते आणू नका.

---

पुणेरी_पाटी_२:
पॉलिश उतरवायला सांगितलंय ते बघून माझी ऑफर मागे घेतो. ड्रेसिंग टेबलाचं काय ते मात्र कुणी बोललं नाही.

---

टेकडीवरची:
ड्रेसिंग टेबल रंगवायचं! तेच योग्य उमेदवार आहे. पापुद्रा अर्धा मिलिमीटर जेमतेम असतो, तो खरवडून उजळ करायला गेलीस की खालचा प्लाय दिसणार. त्यापेक्षा उचललेल्या कोपऱ्यात इंजेक्शनच्या सिरिंजने फेविकॉल भर, वर बटर पेपर ठेवून शिकंजा नाहीतर जाडजूड पुस्तकं, आणि मग रंग.

घासायच्या आधी पुसून घे, हे लोक उलट करतात. आधी घासलं तर वरचं तेल, पावडर, क्रीम सगळं लाकडात रगडलं जातं. ड्रेसिंग टेबल आहे म्हणजे केसांचं तेल वर्षानुवर्षं सांडलेलं असणार, टर्पेंटाइनने दोनदा पूस, फडकं बदलत. आणि त्या चकाकीच्या स्प्रेने कधी पुसलं असशील तर अजून एकदा, त्यातल्या सिलिकॉनने रंगात छोटे छोटे खड्डे पडतात माशाच्या डोळ्यासारखे. मग २२० ने फक्त चकाकी मारायची, लाकूड उघडं करायचं नाही. मग एडिसनकरांचं लाखपाणी, प्रायमर, आणि रंगाचे दोन-तीन पातळ हात. जाड एक हात कधीच नाही, ओघळ येतात.

गडदाचं फिकट करताना एक त्रास असतो तो कुणी सांगत नाही. काळ्या पॉलिशखाली जे खड्डे, भोकं, सांधे लपलेले असतात ते सगळे पांढऱ्यात उठून दिसतात. सागवानाची छिद्रंपण दिसतात, टाचणीने टोचल्यासारखी. तुला गुळगुळीत हवं असेल तर प्रायमरनंतर लांबी भरायची, सुकल्यावर घासायची, परत प्रायमर. नाहीतर रेषा दिसू दे, मला स्वतःला तेच आवडतं, निदान लाकूड आहे हे तरी कळतं. आणि शुद्ध पांढरा नको ग, ट्यूबखाली दवाखान्यासारखा दिसतो. हस्तिदंती किंवा थोडा राखाडी झाक असलेला घे.

---

कोपऱ्यातला_पंखा:
सनमायकाच्या चपलांच्या कपाटाबद्दल: रंगवू नका. रंगतं, नाही असं नाही, पण त्यावर रोज चपला आदळणार, महिन्याभरात कडांना टवके. सुताराला सांगा, जुना सनमायका खरखरीत घासून त्यावरच एक मिलिमीटरचा फिकट सनमायका चिकटवून देईल, कडांना पट्टी मारून. दरवाजे जड होतात थोडे, बिजागऱ्या बघून घ्या.

आणि हे सगळं आत्ता सुरू करू नका राव, जुलै चाललाय. हवेत एवढी ओल असताना लाख आणि लॅकर दोन्ही पांढुरकी धुरकट होतात, रंग दिवसेंदिवस ओला राहतो. दसरा होऊ दे, ऑक्टोबरच्या उन्हात करा.

---

वाफाळता_चहा:
किती मस्त माहिती दिलीत सगळ्यांनी, खरंच थँक्यू 🙏 पावसाळ्याचं डोक्यातच नव्हतं, मी तर या शनिवारी पेंटरला बोलावणार होते, त्याला फोन करून नको सांगितलं. (ब्लीडिंगचं विचारलं त्याला, तो म्हणाला "मॅडम रक्त कसलं?" म्हणजे टेकडीवरची, तुझी परीक्षा एकदम पास.)

तर आता ठरलंय असं. कपाट आणि टीपॉय पॉलिश उतरवून मधाच्या रंगाचे, आतल्या फळ्या ओल्या घासून पाण्यावरच्या रंगाने, ड्रेसिंग टेबल हस्तिदंती, आणि चपलांचं कपाट सुताराकडे. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या टीपॉयपासून सुरू कर, बिघडला तर टीपॉयच बिघडेल. नवऱ्याने विकायचा विषय काढायचं बंद केलंय कारण त्याला आता घासायला बसावं लागणार आहे.

एक शेवटचं, कपाटाच्या दाराचा आरसा जुना बेल्जियमचा आहे असं सासूबाई म्हणतात, मागचा पारा कडेने थोडा उडालाय. तो लावलेला असतानाच काम करायचं की काढायचा?

---

रंधा:
काढा. मागच्या फळीला बारीक खिळे किंवा लाकडी पट्ट्या असतील, पट्ट्या पटाशीने हळू उचला, आरशाला मागून हात देऊन दुसऱ्या माणसाने धरायचं. स्पिरिट किंवा पाणी कडेने आत शिरलं तर उरलेला पारापण जाईल. काढल्यावर आडवा ठेवू नका, गादीला टेकवून उभा ठेवा. आणि उडालेल्या कडा परत पारा करून घ्यायच्या भानगडीत पडू नका, आरसा तसाच छान दिसतो.

टीपॉयपासून सुरू करा हे सासूबाईंचं एकदम बरोबर आहे. ऑक्टोबरमध्ये फोटो टाका.

---

पुणेरी_पाटी_२:
आधीचे आणि नंतरचे, दोन्ही. एकाच जागेवरून, एकाच वेळी काढलेले. ट्यूब लावून काढलेले चालणार नाहीत.